कोकणातील घरासाठी पवनचक्की: खरेदीपूर्वी वारा मोजण्याची रीत

कोकणच्या किनाऱ्यावर वाऱ्याला तोटा नाही, असे आपण सहज म्हणतो. घरच्या पवनचक्कीला त्यातला किती वारा मिळेल, याचे उत्तर मात्र विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून मिळत नाही; ते आपल्याच जागेवर वर्षभर मोजमाप करून मिळवावे लागते. वर्षभर थांबण्याची तयारी नसेल, तर हा खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढा आग्रह धरण्याचे कारण गणितात आहे. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. पात्यांचा व्यास 2 मीटर असलेली चक्की वाऱ्यातील सुमारे पाव शक्ती विजेत उतरवते असे धरले, तर सेकंदाला 5 मीटर वेगाच्या वाऱ्यात तिच्यातून जेमतेम 60 वॅट मिळतात आणि 10 मीटरच्या वाऱ्यात 470 वॅटच्या आसपास. माहितीपत्रकावर ठळक छापलेला आकडा बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या वाऱ्याचा असतो, म्हणून तो कोणत्या वेगासाठी दिला आहे हे आधी विचारावे.

मोजणीसाठी चक्की जिथे आणि जितक्या उंचीवर बसवायची आहे, तिथेच वेगमापक लावावा व त्याच्या नोंदी साठवण्याची सोय करावी. अंगणात उभे राहून हातातल्या यंत्राने घेतलेले आकडे उपयोगाचे नाहीत, कारण जमिनीलगत वारा मंदावतो. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे जरूर पाहावेत, परंतु ते मुख्यतः 50 ते 150 मीटर उंचीवरचे आहेत; आपला मनोरा 15-20 मीटरचा असणार, हे विसरू नये. नोंदी महिनावार व तासवार वेगळ्या ठेवाव्यात. दुपारचे खारे वारे आणि रात्रीचे मतलई वारे यांची एकच सरासरी काढली तर घनाच्या नियमामुळे हिशेब फसतो: निम्मा वेळ 2 मीटर आणि निम्मा वेळ 8 मीटर वाहणाऱ्या वाऱ्याची सरासरी 5 येते, पण त्यातील शक्ती सतत 5 मीटरने वाहणाऱ्या वाऱ्याच्या दुपटीहून अधिक असते.

जागेच्या बाबतीत माडांची वाडी बाद समजावी. साधारण 150 मीटरच्या परिसरात जे सर्वांत उंच झाड किंवा इमारत असेल, तिच्याहून पात्यांची खालची कड किमान 9 मीटर वर राहिली पाहिजे, आणि वाढलेल्या माडांमध्ये हे घरगुती मनोऱ्याला जमत नाही. समुद्राकडे उघडा असलेला सडा, म्हणजे कातळाचे सपाट पठार, उत्तम. तिथली झुडपे एकाच दिशेला कललेली दिसली, तर वारा वर्षानुवर्षे कुठून येतो ते त्यांनीच सांगितले असे समजावे. देवगडच्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या अशाच मोकळ्या उंचीमुळे. कौलारू छपरावर चक्की बसवण्याचा मोह टाळावा, कारण तिथे वाऱ्याला भोवरे पडतात आणि कंपने वाशांत उतरतात.

वर्षाच्या नोंदी हाती आल्या की बहुतेक ठिकाणी जून ते ऑगस्ट भरगच्च आणि हिवाळा ओसाड दिसेल. नेमक्या त्याच पावसाळ्यात छतावरचे सौर पॅनेल ढगांमुळे दुबळे पडतात. म्हणून कोकणात चक्की एकटी घेऊ नये. सौर पॅनेल व बॅटरीच्या जोडीला, पावसाळ्यातील तूट भरून काढण्यापुरतीच ती घ्यावी आणि तिचा आकारही त्या तुटीवरूनच ठरवावा.

खारी हवा लोखंड खाते. मनोरा, नटबोल्ट आणि ताणाच्या तारा जस्ताचा जाड मुलामा दिलेल्याच घ्याव्यात, जोडण्या बंदिस्त पेटीत ठेवाव्यात आणि आकाशातल्या विजेपासून बचाव करणाऱ्या वीजरोधकाची अर्थिंग कातळात नीट लागली आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावे. 3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात रायगड किनाऱ्यावर ताशी 100 किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे वाहिले, हे ध्यानात ठेवून बिजागरीवर खाली आडवा करता येणारा मनोराच निवडावा. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या, कामांत तो एकदा उतरवून, बोल्ट आवळून, तारांचा ताण पाहून पुन्हा उभा करावा. या कामाला किती माणसे व किती वेळ लागतो हे तेव्हाच कळते, आणि वादळाचा इशारा आल्यावर त्याच हिशेबाने माणसे बोलावता येतात.