शिबिराची तयारी: आधी पाळणा, मग प्रोजेक्टर

ग्रामपंचायतीच्या नव्या तरुण सदस्यांचं दोन दिवसांचं निवासी शिबिर मागच्या वेळी मी भरवलं आणि मीच बिघडवलं. पुन्हा वेळ आली आहे, म्हणून लिहून ठेवतोय.

हॉल, माइक, चहा, जेवण तुम्ही करालच. जनरेटर सांगून ठेवा.

पहिलं काम पाळणा. हसू नका. 2011 पासून आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या, आणि उभं राहायला वय लागतं 21. म्हणजे चार-पाच जणींच्या कडेवर तान्हं असणारच. माझ्या यादीत प्रोजेक्टरची जादा वायर होती, मुलांना खोली नव्हती. अकरा वाजता एक सदस्य व्हरांड्याच्या दोन खांबांना साडीची झोळी बांधून झोके देत होती आणि आत तिच्या खुर्चीत तिचा नवरा. हजेरीवर तिच्या नावापुढं सहीही त्यानंच ठोकलेली! दुपारपर्यंत असे चार सदस्यपती झाले, आणि अर्थसंकल्पावर सगळ्यात जास्त तेच बोलले.

तेव्हा हॉलला लागून खोली, सतरंजी, दोन पाळणे, दूध तापवायला शेगडी, बचत गटातल्या दोन बायका रोजावर. मजुरी आधी ठरवा. "सोबत आई किंवा सासू चालेल" असं पत्रातच लिहा, तिचं ताट धरा. नवऱ्यांना चहा पाजा आणि फाटकातून परत लावा.

कागद. प्रत्येकानं आपल्याच गावचा विकास आराखडा आणि नमुना 8 ची, म्हणजे घरपट्टीच्या कर आकारणी नोंदवहीची, झेरॉक्स आणायची. पत्रानं भागत नाही, फोन करा, दोनदा करा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत (2021-26) 60 टक्के पैसा पाणी-स्वच्छतेला बंधित, म्हणजे त्यावरच खर्चायचा, आणि 40 टक्के अबंधित होता, असं फळ्यावर लिहिलं की माना डोलतात. स्वतःच्या गावचा खर्च त्याच्याशेजारी मांडला की आवाज चढतात.

शाश्वत विकासाची 17 ध्येयं पाठ करून घेऊ नका, जांभया येतात. पाणी एवढं एकच घ्या आणि हिवरे बाजारला न्या. तिथं पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, पिकं त्यावर ठरतात; शेतीला बोअर नाही. पहाटे निघा. बसमध्ये पुढच्या सीट लेकुरवाळ्यांना, आणि खोलीवरच्या दोघींपैकी एक बसमध्ये. हेही मी विसरलो असतो.

दुसऱ्या दिवशी खोटी ग्रामसभा भरवा. गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, 15 टक्के किंवा 100 मतदार, कमी असेल ते. अध्यक्षस्थानी पोरगी. तिचं बाळ कुठंय? खोलीत ना? बघून या.

प्रमाणपत्रं, फोटो, नेहमीचं. प्रवासभत्ता रोख, सही कोण करतंय ते बघा. पाळणे मंडपवाल्याकडं भाड्यानं मिळतात, पण लग्नसराईत तो फोन उचलत नाही. आजच गाठा.