क्योसेग नीट बघायचं असेल तर एक रात्र तरी थांबा

व्हिएन्नाच्या बाजूने येणारी बरीच मंडळी क्योसेगला दोन तास देतात, चौकात फोटो, एक कॉफी, किल्ल्याला बाहेरून चक्कर आणि परत. प्लीज असं करू नका. हंगेरीच्या पश्चिम टोकाला, ऑस्ट्रियाला अगदी खेटून असलेलं जेमतेम अकरा-बारा हजार वस्तीचं हे गाव, आणि बॉर्डर पायाखालून गेल्याशिवाय ते कळत नाही, त्यामुळे एक रात्र मुक्काम आणि एक अख्खा दिवस चालण्यासाठी राखून ठेवा.

यायचं कसं तर बुडापेस्टहून ट्रेनने सोम्बातहेय, तिथे गाडी बदलायची, पुढे १८ किलोमीटरच. उतरल्यावर लगेच गावाकडे पळू नका, आधी हे लक्षात घ्या की आपली गाडी इथेच संपते. १९०८ मध्ये इथून पुढे सोप्रोनपर्यंत लाइन सुरू झाली होती, पण पहिल्या महायुद्धानंतर त्रियानोंचा तह झाला, मधली गावं ऑस्ट्रियाच्या बुर्गनलांडमध्ये गेली आणि नंतर ती लाइनच बंद पडली. क्योसेग हंगेरीत राहिलं पण ज्या खेड्यांतून लोक इथे बाजाराला यायचे त्यातली कितीतरी परदेशात गेली. चार रस्त्यांवरचं गाव एकदम कोपऱ्यात पडलं, आणि हे डोक्यात ठेवून पुढचं बघितलं तर सगळं जुळत जातं.

सकाळी ११ च्या आत युरिशिच चौकात पोचा, कारण ११ ला घंटा वाजतात. रोज. १५३२ च्या ऑगस्टमध्ये तुर्कांचा सुलतान सुलेमान याचं सैन्य व्हिएन्नाकडे निघालेलं असताना मिक्लोश युरिशिच या क्रोएशियन सरदाराने हे गाव लढवलं, त्याच्याकडे माणसं हजाराच्याही आत, त्यातही सराईत शिपाई अगदी थोडे, बाकी गावकरी आणि आसऱ्याला आलेले शेतकरी. वजीर इब्राहिम पाशाचा वेढा तीन आठवड्यांहून जास्त चालला, शेवटी तटावर तुर्की निशाणं लावायची एवढ्यावर मिटलं आणि ३० ऑगस्टला सैन्य हललं, व्हिएन्ना त्या वर्षी वाचलं. त्याची आठवण म्हणून ही घंटा. चौकात शिरतानाचा हीरोज टॉवर मात्र मध्ययुगीन समजू नका, तो वेढ्याला ४०० वर्षं झाली म्हणून १९३२ मध्ये बांधलाय.

चौकात दोन चर्च एकमेकांना जवळजवळ चिकटून उभी आहेत, सेंट जेकब आणि सेंट इम्रे. एवढ्याशा गावात दोन कशाला असं वाटतं ना? सतराव्या शतकात जर्मन बोलणारे आणि हंगेरियन बोलणारे प्रोटेस्टंट वेगवेगळी प्रार्थना करायचे म्हणून दुसरं बांधलं, पुढे दोन्ही कॅथलिकांकडे गेली. ती जर्मन वस्ती आज जवळपास दिसत नाही कारण दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, त्यांना हाकलून दिलं. ज्यू तर त्याआधीच गेले, १९४४ मध्ये त्यांना छळछावण्यांकडे पाठवलं. १८५९ चं लाल विटांचं सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभं आहे, कितीतरी वर्षं पडीक होतं, आता दुरुस्त केलंय. तिथे घाईने फोटो काढून निघू नका, थोडं थांबा.

मग किल्ला. सोमवार टाळा, हंगेरीत बहुतेक म्युझियम त्या दिवशी बंद असतात. इथे माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे द्राक्षांच्या कोंबांचं पुस्तक. १७४० पासून दरवर्षी २४ एप्रिलला, सेंट जॉर्जच्या दिवशी, मळ्यातून वेलाचे कोवळे कोंब आणतात आणि ते जसे असतील तसे त्यात काढून ठेवतात. एखाद्या वर्षी नुसता फुगलेला डोळा, एखाद्या वर्षी चांगली पानं फुटलेली फांदी, म्हणजे वसंत लवकर आला की उशिरा ते चित्रावरूनच कळतं, आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांना त्याचा खरंच उपयोग झालाय. राज्यं बदलली, बॉर्डर सरकली, ही वही चालू आहे. संध्याकाळी इथली केकफ्रांकोश रेड वाइन घ्या म्हणजे ते कोंब पुढे कुठे जातात तेही कळेल.

दुसरा दिवस ईरोत्त-क्यो या डोंगरासाठी. उंची ८८४ मीटर, गावापासून साधारण ६०० मीटर चढायचंय, सगळी वाट जंगलातून, चांगले शूज हवेत आणि जाऊन यायला अख्खा दिवस धरा. वाटेत हेतफोराश म्हणून सात धारांचा झरा लागतो, सात मग्यार (म्हणजे जुन्या हंगेरियन) टोळीप्रमुखांच्या नावाने, तिथे थोडं बसा. वर दगडी टॉवर आहे, १९१३ चा, आणि तो बरोबर सीमारेषेवर उभा आहे, अर्धा हंगेरीत अर्धा ऑस्ट्रियात. लोखंडी पडद्याच्या काळात, म्हणजे कम्युनिस्ट पूर्व आणि पश्चिम युरोपमधली सीमा कुंपणाने बंद होती तेव्हा, हा सगळा पट्टा बंद होता, परमिटशिवाय फिरकताही यायचं नाही. आता इथूनच देशभर जाणारी केकतूरा ही निळ्या खुणांची ट्रेल सुरू होते, ११०० किलोमीटरपेक्षा लांब.

२१ डिसेंबर २००७ ला हंगेरी शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आलं आणि बॉर्डरवरची रोजची तपासणी संपली. आजचं गाव त्यावरच चालतं, बरेच लोक सकाळी ऑस्ट्रियात कामाला जातात आणि झोपायला इकडे येतात, कारण पगार तिकडे जास्त, उलट तिकडचे लोक दाताच्या डॉक्टरकडे आणि जेवायला इकडे येतात. त्यामुळे जर्मन बऱ्याच ठिकाणी चालतं, पण पैसे फोरिंटमध्येच, म्हणजे हंगेरीच्या चलनात, द्या, युरो घेतलेच तर दुकानदार लावेल तो रेट. पासपोर्ट मात्र डोंगरावर जातानाही खिशात हवा, ऑस्ट्रियाचे पोलीस अजूनही मधूनमधून तपासतात.

गर्दी चालत असेल तर ऑगस्टमध्ये या, तेव्हा वेढ्याचा उत्सव असतो, नाहीतर सप्टेंबरअखेरीस द्राक्षतोडणीच्या वेळी. आणि हातात गाडी असेल तर दक्षिणेला फेल्शोचातारला जा, तिथे द्राक्षमळ्यातच लोखंडी पडद्याचं एक छोटं ओपन म्युझियम आहे, वेगवेगळ्या वर्षांची काटेरी कुंपणं जशी होती तशी उभी केलीत, अगदी हात लावून बघता येतात.