उलुरूला निघण्याआधी: एका जुन्या ट्रेकरची यादी

बॅग भरायला घेण्याआधी मनाशी एक पक्कं करा, वर चढायचं नाही. तशी सोयही आता राहिलेली नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या उलुरू या प्रचंड कातळावर २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढणं बंद आहे आणि धरून चढण्यासाठी १९६४ साली ठोकलेली साखळीही काढून टाकली आहे. तरी हे सगळ्यात आधी लिहितोय, कारण आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं. कडा दिसला की पाय शिवशिवतात, माथ्यावर जाऊन आल्याशिवाय गड पाहिला असं आपण म्हणतच नाही. सपाट वाळवंटातून ३४८ मीटर सरळ उठलेला तो तांबडा कातळ पहिल्यांदा समोर आला तेव्हा माझे डोळेही सवयीने वाट शोधायला लागले. वाट दिसलीही. पश्चिमेकडच्या अंगावर एक फिकट पांढरट ओरखडा वर जातो. कित्येक वर्षांच्या बुटांनी घासून झालेला. तो बघितला आणि चढायची हौस तिथेच विरली.

ही जागा अनांगू लोकांची. पिजंजारा आणि यांकुंजाचारा भाषा बोलणाऱ्या या लोकांकडे चुकुर्पा नावाची गोष्ट आहे. तिला दंतकथा म्हणू नका. धर्म, कायदा, वंशावळ, पाण्याचे नकाशे, कोणी कोणाशी कसं वागायचं, हे सगळं त्यात येतं. बंद झालेली चढाईची वाट म्हणजे चुकुर्पात माला नावाचे पूर्वज पुरुष विधीसाठी वर गेले तो मार्ग. शिवाय तिथे पडून, दमून, हृदय बंद पडून पस्तीसहून जास्त माणसं मेली. आपल्या घरी आलेला पाहुणा मेला तर यजमानाला जे वाटेल ते अनांगूंना प्रत्येक वेळी वाटायचं. चढू नका, असं ते वर्षानुवर्षं सांगत होते, पाट्याही होत्या. लोक पाटी वाचून चढत. त्या रांगेला अनांगूंनी शब्द दिला होता ‘मिंगा’, म्हणजे मुंग्या.

नावाचंही आधीच सांगतो. १८७३ मध्ये विल्यम गॉस नावाच्या सर्वेक्षकाने हा कातळ पाहिला आणि त्याला हेन्री एअर्स या राजकारण्याचं नाव देऊन टाकलं. १९९३ पासून दोन्ही नावं अधिकृत आहेत, २००२ मध्ये उलुरू पुढे आलं. विमानतळाच्या नावात मात्र अजून एअर्स रॉक आहे, त्यामुळे तिकीट शोधताना गोंधळू नका. तिकडे गेल्यावर उलुरूच म्हणा.

आता कधी जायचं. भारतातून येणाऱ्यांसाठी एक सुखद योगायोग आहे: आपली मे महिन्याची सुट्टी तिथला उत्तम हंगाम. दिवसा छान ऊन, रात्री बोचरी थंडी. जून-जुलैत पहाटे पारा शून्याखाली जातो, तेव्हा कानटोपी, हातमोजे हवेतच. ‘वाळवंटात कसली थंडी’ म्हणणाऱ्या मामांना मी सूर्योदयाच्या वेळी हॉटेलचं ब्लँकेट पांघरून उभं राहिलेलं पाहिलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत ऊन तापायला लागलेलं असतं आणि नाताळात जाणं म्हणजे शिक्षाच. चाळिशीच्या वरचं तापमान, दुपारी बंद होणाऱ्या वाटा आणि माशा.

माशांबद्दल वेगळं सांगायलाच हवं. चावत नाहीत, पण डोळ्यांच्या कडेचं, नाकपुडीचं, ओठांचं पाणी प्यायला येतात आणि हाकललं तरी जात नाहीत. टोपीवरून घालायची बारीक जाळी मिळते, माणशी एक घ्या. फोटोत सगळे मधमाश्या पाळणारे दिसतात. दिसू द्या.

व्हिसा पर्यटकाचा, अर्ज ऑनलाइन, त्याला निवांत वेळ ठेवा. खरी परीक्षा सामानाची. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याचं सगळं जाहीर करावं लागतं. दुधाचे पदार्थ, ताजी फळं, बिया यांच्याबाबतीत ते फार कडक आहेत. पेढे, खव्याची बर्फी घरीच ठेवा. बाकी चिवडा, लाडू, मसाले जे काही आणाल ते फॉर्मवर ‘हो’ म्हणून लिहा आणि टेबलावर काढून दाखवा. दाखवलेलं फार तर काढून घेतील, लपवलेलं सापडलं तर जबर दंड. आईने चटणीचा डबा सुटकेसच्या तळाशी साडीत गुंडाळला होता. तो मी विमान सुटायच्या आदल्या रात्री फोनवरून सांगून वर काढायला लावला.

पोचायचे दोन रस्ते. सिडनी किंवा मेलबर्नहून विमान थेट उलुरूजवळ उतरतं. नाहीतर ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत जाऊन तिथून गाडीने साधारण ४५० किलोमीटर. नकाशावर ही दोन ठिकाणं शेजारी-शेजारी दिसतात, म्हणून लोक ॲलिसचं तिकीट काढतात आणि मग टॅक्सीचं विचारतात. तसं करू नका. गाडी चालवणार असाल तर आपल्यासारखीच डावी बाजू, रस्ता गुळगुळीत, फक्त संपता संपत नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, हा नियम मोडू नका: संध्याकाळनंतर कांगारू, गुरं आणि उंट रस्त्यावर येतात, आणि रात्रीच्या अपघाताला भाड्याच्या गाडीचा विमा बऱ्याचदा लागू होत नाही. कराराचा तो बारीक मजकूर वाचा. तीन-तीन डबे जोडलेले, पन्नास मीटरहून लांब ट्रक असतात, त्यांना ओव्हरटेक करताना समोरचा रस्ता पुष्कळ लांबपर्यंत मोकळा हवा. पंप दिसला की टाकी भरायची, पुढच्याची वाट बघायची नाही.

उंटांवरून आठवलं. ते तिथले नव्हेतच. १८६०च्या दशकापासून वाळवंटात माल वाहायला ते कराचीहून जहाजाने आणले गेले, त्यांच्याबरोबर त्यांना हाकणारी माणसंही. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. ही माणसं बलुची, सिंधी, पठाण, पंजाबी कोणीही असोत, तिकडे सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटलं गेलं, आणि ॲलिसहून जाणाऱ्या आगगाडीचं नाव त्यावरूनच ‘द घान’ पडलं. मोटारी आल्यावर उंट सोडून दिले, त्यांची ही खापरपणतवंडं.

याच रस्त्यावर डावीकडे एक प्रचंड डोंगर दिसतो आणि गाडीतले सगळे ‘आला, आला’ ओरडतात. तो नाही. तो माउंट कॉनर, सपाट माथ्याचा, आपल्या एखाद्या पठारी गडासारखा. उलुरू अजून शंभर-एक किलोमीटर पुढे.

मुक्काम युलारा या गावात करावा लागतो, उलुरू ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे त्याच्या हद्दीबाहेर. आत तंबू ठोकायलाही परवानगी नाही. एकच गाव, त्यामुळे खोल्या महाग, आणि हंगामात लवकर भरतात. कॅम्पग्राउंड सगळ्यात स्वस्त. गावात सुपरमार्केट आहे, तांदूळ, दही, ब्रेड, भाज्या मिळतात. शाकाहारी असाल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि छोटा राइस कुकर बरोबर ठेवा. तीन दिवस चिप्स आणि सॅलडवर राहिलेला माणूस निसर्गसौंदर्याबद्दल फार चांगलं बोलत नाही. घड्याळ भारतापेक्षा बरोबर चार तास पुढे लावा. सिडनीची वेळ वेगळी असते, परतीच्या विमानाला त्यावरून घोळ होतो. उद्यानात मोबाइलला रेंजचा भरवसा नाही, नकाशे आधीच उतरवून ठेवा.

उद्यानाचा पास ऑनलाइन काढता येतो. मी शेवटचा काढला तेव्हा मोठ्या माणसाला ३८ डॉलर होते, तीन दिवसांसाठी, आणि अठराच्या आतल्यांना मोफत. दर एकदा बघून घ्या. फाटक उघडायची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, सूर्योदय गाठायचा तर आदल्या रात्री ती तपासा. १९८५ मध्ये ही जमीन अनांगूंना कागदोपत्री परत मिळाली आणि त्यांनी ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारला उद्यानासाठी दिली. जमिनीचे मालक अनांगू आणि सरकार भाडेकरू, हे लक्षात ठेवलं की पुढचे सगळे नियम आपोआप समजतात.

आत गेल्यावर आधी सांस्कृतिक केंद्रात जा. बहुतेक लोक ते शेवटी, उरलेल्या वेळात करतात आणि मग खडकावरच्या खुणा नुसत्या खुणाच राहतात. तिथे कुनिया या अजगरीची गोष्ट समजते. तिच्या भाच्याला लिरू या विषारी सापांनी मारलं, ती चिडून आली आणि एका लिरूशी तिची झुंज झाली. मग मुटिजुलूच्या पाणवठ्याकडे जाणाऱ्या एक किलोमीटरच्या वाटेवर त्या झुंजीच्या खुणा खडकात उभ्या दिसतात. पाहुण्यांना सांगितली जाते तेवढीच गोष्ट आपली. तिच्या आतल्या थरांचा अधिकार ज्यांना दीक्षा मिळाली त्यांनाच, त्यातही काही भाग फक्त बायकांचा, काही फक्त पुरुषांचा. ‘अजून सांगा ना’ म्हणून गाइडच्या मागे लागू नका. गाभाऱ्यात कोणी यायचं याचे नियम असलेल्या देवळांत आपण जन्म काढलेला आहे, ओसरीवर थांबणं आपल्याला जड जाऊ नये.

पायथ्याची पूर्ण फेरी १०.६ किलोमीटर, साडेतीन तासांची, सपाट. सकाळी लवकर माला पार्किंगपासून निघा आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे चाला. (माला म्हणजे हार नव्हे, सशासारखा दिसणारा छोटा कांगारू.) बाबांना ही प्रदक्षिणेची दिशा बघून फार आनंद झाला. कारण मात्र उन्हाचं आहे: दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळे उघडी उत्तर बाजू सकाळच्या गारव्यात उरकलेली बरी. उन्हाळ्यात अकराच्या आत चालणं संपवायचं आणि तासाला एक लिटर पाणी, असा तिथला हिशोब आहे. अर्ध्या लिटरची बाटली हलवत निघालेला माणूस तिथे ओळखू येतो. फेरी झेपणार नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. माला वाट जाऊन-येऊन दोन किलोमीटर आहे, आणि वयस्कर मंडळींना ती पुरते.

वाटेत काही ठिकाणी पाट्या आहेत: इथून फोटो काढू नका. हे शब्दशः पाळा. लांबून झूम करून नाही, सेल्फीच्या मागे येईल असंही नाही, फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ कॉल चालू असेल तर तोही बंद. ड्रोन घरीच ठेवा. अनांगू माणसांचे फोटो न विचारता काढू नका, आणि केंद्राच्या आत कॅमेरा काढूच नका. आणखी एक खास आपल्यासाठी: नारळ, उदबत्ती, हळदकुंकू नेऊ नका. भाव चांगला असतो हे मान्य, पण दुसऱ्याच्या देवघरात आपण आपली पूजा मांडत नाही. नमस्कार करावासा वाटला तर जागेवर उभं राहून करा. एखाद्या अनांगू माणसाशी बोलायचा योग आलाच तर ‘पल्या’ म्हणा. नमस्कार, ठीक, धन्यवाद, सगळ्याला चालतं.

काटा जुटासाठी अर्धा दिवस वेगळा ठेवा. युलारापासून पन्नासेक किलोमीटर, कातळाचे छत्तीस घुमट, आणि सगळ्यात उंच घुमट उलुरूपेक्षाही जवळजवळ दोनशे मीटर उंच. मला खरं सांगायचं तर तेच जास्त आवडलं. ३६ अंशांच्या पुढे तापमान जाणार असेल तर तिथली मोठी वाट अकरा वाजता बंद करतात. कपड्यांत फिकट रंग नकोत, ती लाल धूळ पांढऱ्या मोज्यांतून कधीच निघत नाही.

शेवटची तपासणी निघायच्या सकाळी, खोली सोडण्याआधी: खिसे. आपल्याला नर्मदेचा गोटा, गंगेचं पाणी, तीर्थाची माती आणायची सवय. तिथून मात्र चिमूटभर वाळूही आणायची नाही. नेलेले दगड लोक वर्षांनी पोस्टाने परत पाठवतात, क्षमा मागणाऱ्या पत्रांसकट, आणि उद्यानवाल्यांनी त्यांना ‘सॉरी रॉक्स’ असं नावच पाडलंय. ही गोष्ट मी बाबांना आदल्या संध्याकाळीच हसत हसत सांगितली होती. सकाळी ते चहाचा कप घेऊन बराच वेळ बसून राहिले, मग शर्टाच्या खिशातून रुमाल काढला आणि उलगडून माझ्यासमोर धरला. सुपारीएवढा लाल खडा. म्हणाले, “देवघरात ठेवू म्हटलं होतं. कुठून उचलला ते मला नक्की ठाऊक आहे, त्या बाकाशेजारी.” पासचा अजून एक दिवस शिल्लक होता. विमान दुपारचं होतं. वीस किलोमीटर परत गेलो, बाबांनी बाक शोधला आणि खाली वाकून खडा ठेवला, मग जरा सरकवला, होता तसा.