आट्यांची गल्लत, सुताचा हिशोब: घरच्या वर्कशॉपमध्ये या चुका टाळा

वडोदऱ्यात मराठी माणूस नट-बोल्ट आणायला गेला की पहिली गाठ शब्दांशी पडते. आपण म्हणतो अडीच सुती, दुकानदार म्हणतो अढी दोरा. दोन्ही एकच. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत, ३.१७५ मिलिमीटर. इथवर ठीक आहे. पण ‘आठचा बोल्ट द्या’ म्हटलं की काउंटरमागचे काका विचारतात, “आठ एमएम के अढी दोरा?” नवीन हौशी माणूस म्हणतो, दोन्ही सारखेच दिसतात, कुठलाही द्या. घरच्या वर्कशॉपमधली जी मोडतोड माझ्याकडे दुरुस्तीला येते, तिच्यातली बरीचशी काकांच्या त्या एका प्रश्नापाशीच सुरू झालेली असते.

अडीच सूत म्हणजे ७.९४ मिमी, आणि एम ८ म्हणजे ८ मिमी. जाडीतला फरक केसाएवढा. खरा फरक आट्यांमध्ये आहे. एम ८ च्या दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, १.२५ मिमी असतं. अडीच सुती व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश इंची आट्यांच्या) बोल्टला इंचात १८ आटे, म्हणजे पिच १.४१ मिमी. शिवाय मेट्रिक आट्याचा कोन ६० अंशांचा आणि व्हिटवर्थचा ५५ अंशांचा. त्यामुळे चुकीचा बोल्ट पहिले दोन फेरे हातानं जातो आणि मग अडतो. दर फेऱ्याला ०.१६ मिमीची तफावत वाढत जाते. तिसऱ्या फेऱ्यापर्यंत ती जवळजवळ अर्ध्या मिमीवर पोचते.

दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत एक जुना लेथ आहे, इंची आट्यांचा. त्याच्या मोटारीच्या ब्रॅकेटमध्ये मी एकदा एम ८ बोल्ट घातला. दोन फेरे गेले, मग घट्ट झाला. मला वाटलं गंज असेल. तेल सोडलं, पान्याला पाईप अडकवून लांबी वाढवली आणि जोर दिला. ब्रॅकेट बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बीड वाकत नाही, तडकतं. टक असा आवाज आला आणि ब्रॅकेटचा कान हातात आला. तसा ब्रॅकेट नव्यानं ओतून, छिलून घ्यायला मला दोन महिने लागले. तेव्हापासून एक नियम पाळतो: बोल्ट हातानं निदान चार-पाच फेरे गेलाच पाहिजे. नाही गेला तर पाना लावायचा नाही, बाहेर काढून आटे तपासायचे.

तपासायला थ्रेड गेज, म्हणजे आटे जुळवून पाहायच्या पात्या, असतील तर उत्तमच. नसतील तर खात्रीचा एम ८ बोल्ट घ्या आणि संशयित बोल्टाला आट्यात आटा बसवून उजेडाकडे धरा. जुळत असतील तर मधून उजेड दिसत नाही. नसतील तर टोकाकडे फट रुंदावत गेलेली लगेच कळते. व्हर्नियरनं दहा आट्यांचं अंतर मोजलं तरी चालतं: एम ८ चं १२.५ मिमी, अडीच सुतीचं १४.१ मिमी. अशाच गोंधळाच्या आणखी जोड्या म्हणजे एम ६ आणि दोन सुती, एम १० आणि तीन सुती.

याच्याच शेजारची चूक म्हणजे ‘तेराचा बोल्ट’ मागणं. तेरा हा पान्याचा आकडा. ज्या बोल्टाला तेराचा पाना लागतो तो सहसा एम ८ असतो, दहाचा लागतो तो एम ६. बोल्ट नेहमी आट्याच्या जाडीनं मागावा आणि शक्यतो जुना नमुना खिशात घेऊन जावं. पाईपचं गणित आणखी वेगळं: ‘अर्धा इंची’ लोखंडी पाईप बाहेरून मोजला तर २१.३ मिमी भरतो, कारण ते नाव जुन्या काळच्या आतल्या मापावरून आलेलं आहे. पत्र्याच्या गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १६ गेज सुमारे १.६ मिमी, २० गेज सुमारे ०.९ मिमी.

शब्दांवर मी इतका अडून बसतो त्याला या गावाचंही कारण आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये इथं कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली. तिची धुरा सांभाळणाऱ्या त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रह होता की यंत्रविद्या लोकांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत शिकवावी. कारागिराला वस्तूचं नाव नेमकं ठाऊक असेल तर हातातलं काम अर्धं सोपं होतं, हे मला मनापासून पटतं.

आता टॅपकडे, म्हणजे भोकात आटे पाडायच्या हत्याराकडे वळू. आटे पाडण्याआधी भोक किती पाडायचं, याचा हिशोब सोपा आहे: बोल्टच्या जाडीतून पिच वजा करा. एम ६ ला ५ मिमी, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५. घरात ६.५ चंच ड्रिल आहे म्हणून त्यानं भागवलं की टॅपवर ताण येतो आणि तो मोडतो. हॅंड टॅपच्या संचातले तिन्ही टॅप क्रमानं वापरा. गुण्या लावून टॅप दोन बाजूंनी सरळ आहे का ते पाहा. अर्धा-एक फेरा पुढे गेलात की थोडा उलटा फिरवा, म्हणजे चुरा तुटून बाहेर येतो. पोलादाला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला घासलेट. बिडाला काहीच नको, ते कोरडंच चांगलं कापलं जातं.

‘स्टील द्या’ हीसुद्धा अशीच अर्धवट मागणी आहे. एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, गेट-जाळ्यांना लागतं. त्यात कार्बन साधारण पाव टक्का किंवा त्याहून कमी. म्हणून एमएसच्या सळईचा पंच करून लाल तापवला आणि पाण्यात बुडवला तरी तो पंच लागेल इतका कडक होत नाही. पहिल्या घावालाच टोक बसतं. पंचाला टूल स्टील हवं, त्यात कार्बन एक टक्क्याच्या आसपास. या दोन्हींच्या मधलं पोलाद म्हणजे ईएन ८, कार्बन साधारण ०.४ टक्के, शाफ्टसाठी छान. भंगारातून आणलेला तुकडा ओळखायचा असेल तर ग्राइंडरला लावा. एमएसच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, जास्त कार्बनच्या फुलबाजीसारख्या फुटतात, बिडाच्या आखूड आणि लालसर. मात्र जुनी कानस छिन्नी किंवा पहार म्हणून वापरू नका. ती कडक आणि ठिसूळ असते, हातोडी बसली की तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. जस्ताचा मुलामा दिलेला पाईप वेल्ड करायच्या आधी जस्त घासून काढा. त्या पांढऱ्या धुरानं ताप भरतो, आणि दूध प्यायल्यानं तो टळत नाही.

स्टेनलेसमध्ये भोक पडत नाही, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. होतं असं: ड्रिल जोरात फिरतं, हात हलका असतो, टोक कापण्याऐवजी घासत राहतं. घासलं की स्टेनलेसचा वरचा थर आणखी कडक होतो आणि मग नवीन ड्रिलही फिरकत नाही. वेग कमी करा, दाब ठाम ठेवा, तेल सोडत राहा. १० मिमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलला एमएससाठी मिनिटाला सुमारे ८०० फेरे पुरतात. स्टेनलेसला त्याच्या निम्म्याहून कमी. काम नेहमी व्हाइसमध्ये धरा. ड्रिल मशिनपाशी हातमोजे घालू नका, फिरतं ड्रिल मोज्यासकट हात ओढून नेतं.

मोजमापात एक जागा जपायची. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत टर्निंग (लेथवरचं काम) करून घेताना ‘दोन थाऊ ढिलं ठेवा’ असं सर्रास बोललं जातं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. मेट्रिक मायक्रोमीटरची एक रेघ ०.०१ मिमीची. म्हणजे दोन थाऊ म्हणजे पाच रेघा, दोन नव्हेत. आणि लेथवरून नुकतंच उतरवलेलं गरम काम मोजू नका. ५० मिमीचं ॲल्युमिनियम ४० अंशांनी जास्त गरम असेल तर ते ०.०४६ मिमी मोठं भरतं. गरम असताना मापाला आणलेलं भोक गार झाल्यावर आकसतं आणि बेअरिंग त्यात नको तितकं घट्ट होतं.

एवढं करूनही टॅप आत मोडलाच तर? काम पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं असेल तर किराण्याच्या दुकानातून तुरटी आणा. काचेच्या भांड्यात गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घाला आणि मोडक्या टॅपसकट काम त्यात बुडवा. पाणी गरमच ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा. थोड्या वेळानं टॅपच्या अंगावर बारीक बुडबुडे दिसू लागतात. ते पोलाद झिजत असल्याचे. कार्बन स्टीलचा छोटा टॅप काही तासांत ठिसूळ, काळा होतो आणि सुईनं टोकरून निघतो. एचएसएसला जास्त वेळ लागतो. मध्ये मध्ये तुरटी आणि पाणी बदला. काम पोलादाचं किंवा बिडाचं असेल तर हा उपाय मुळीच करू नका, टॅपबरोबर तेही झिजेल.