साइनअपमागे एकरकमी की दरमहा वाटा? अॅफिलिएट करार घेण्याआधीचं गणित

बिलिंग सॉफ्टवेअर, वेब होस्टिंग, ऑनलाइन दुकान चालवायचं साधन, ईमेल पाठवायची सेवा. दरमहा पैसे भरून वापरायच्या अशा सेवांचे अॅफिलिएट कार्यक्रम, म्हणजे आपल्या खास लिंकवरून ग्राहक आणणाऱ्याला कमिशन देण्याच्या योजना, साधारण दोन तऱ्हांनी पैसे देतात. तुमच्या लिंकवरून ग्राहक आला की ठरलेली रक्कम, आणि तिथे हिशेब संपला. किंवा तो ग्राहक जितके महिने बिल भरेल तितके महिने त्यातले काही टक्के. जाहिरातीत ‘आयुष्यभर २० टक्के’ वाचून बरेच जण डोळे झाकून दुसरं निवडतात. खरं तर निवड दोनच गोष्टींवर ठरते: ग्राहक किती महिने टिकतो आणि तुम्हाला पैसा कधी लागतो.

आधी करारात साइनअप कशाला मानलंय ते बघा. फुकट खातं उघडलं की पैसे, ट्रायलसाठी कार्ड टाकलं की पैसे, की पहिलं बिल भरल्यावर? दर १०० क्लिकमागे १२ जणांनी फुकट खातं उघडलं आणि त्यातल्या तिघांनीच बिल भरलं, तर खात्यामागे १०० रुपये म्हणजे १,२०० आणि बिल भरणाऱ्यामागे १,५०० म्हणजे ४,५००. दिसायला सोपी अट कमी देते, असं पुष्कळदा होतं. म्हणून कुठलाही करार ‘१०० क्लिकमागे किती रुपये’ या एकाच मापात आणा, मगच तुलना करा.

आता मुख्य हिशेब. समजा प्लॅन दरमहा १,००० रुपयांचा, वाटा २० टक्के, म्हणजे ग्राहकामागे महिन्याला २०० रुपये. एकरकमी पर्याय १,५०० रुपयांचा. १,५०० भागिले २०० म्हणजे साडेसात: सरासरी ग्राहक साडेसात महिन्यांपेक्षा जास्त टिकला तरच वाटा परवडतो.

दर महिन्याला ८ टक्के ग्राहक गळत, म्हणजे सेवा सोडून जात, असतील तर सरासरी आयुष्य १ भागिले ०.०८, म्हणजे साडेबारा महिने. वाटा २,५०० रुपयांपर्यंत जातो. गळती १५ टक्के असेल तर आयुष्य ६.७ महिन्यांवर येतं, वाटा १,३३३ वर थांबतो आणि एकरकमी सरस ठरते. वाटा पहिल्या १२ महिन्यांपुरताच असेल तर ८ टक्के गळतीलाही हातात सुमारे १,५८० येतात. एवढ्या फरकासाठी वर्षभर थांबायचं का, ते तुम्ही ठरवा.

गळतीचा आकडा कंपनीच्या अॅफिलिएट मॅनेजरला विचारा, पण नेमका विचारा: अॅफिलिएटकडून आलेल्या आणि मासिक प्लॅन घेतलेल्या ग्राहकांचा. नाहीतर कंपनीचा एकूण आकडा मिळतो, त्यात वर्षाचे पैसे एकदम भरणारे जुने ग्राहक असतात आणि चित्र उगाच गोड दिसतं. कूपनच्या लोभाने आलेले ग्राहक तर सवलत संपली की निघून जातात.

स्वतःचा आकडा काढायला एक शीट पुरते. ओळीत ग्राहक आल्याचा महिना, पुढच्या रकान्यांत त्यातले किती जण बिल भरताहेत. समजा जानेवारीत २० आले आणि सहा महिन्यांची नोंद अशी: २०, १५, १३, १२, ११, १०. बेरीज ८१. वरच्या दराने बरोबरी व्हायला २० गुणिले साडेसात, म्हणजे १५० ग्राहक-महिने (एका ग्राहकाने एक महिना बिल भरलं की एक) लागतात. उरलेले दहा पुढे महिन्याला १० टक्क्यांनी गळत गेले तर १५० चा टप्पा विसाव्या महिन्याच्या आसपास येतो. वाटा शेवटी जिंकतो, पण पावणेदोन वर्षांनी. आणि १२ महिन्यांची मर्यादा असेल तर १२३ वरच अडकतो. पहिल्या महिन्यातली २० वरून १५ ची घसरण बघून घाबरू नका. सुरुवातीची गळती सहसा मोठी असते, म्हणून तीन महिन्यांच्या आत कौल देऊ नये.

पैशाची वेळ हा निम्मा निर्णय आहे. गूगल किंवा मेटावर जाहिराती देऊन क्लिक आणत असाल तर एकरकमीच घ्या. जाहिरातीचं बिल आज येतं, दरमहा २०० रुपये त्याला पुरत नाहीत आणि खेळतं भांडवल अडकतं. लेख किंवा यूट्यूब व्हिडिओ शोधातून वर्षानुवर्षं बघितले जात असतील, नवा खर्च नसेल आणि वाचक व्यवसायासाठी साधन घेणारे असतील, तर वाट्यात दम आहे. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये एकदा डेटा भरला की दुकानदार सहसा ते बदलत नाही.

पुढच्या अटी मात्र ओळीओळीने वाचा, पैसा जातो तो इथेच.

वाटा कशावर? ‘निव्वळ उत्पन्न’ लिहिलं असेल तर जीएसटी, पेमेंट गेटवेचं शुल्क, सवलत आणि परतावे वजा होऊन १,००० चे ८०० होऊ शकतात. मग २०० चे १६० आणि बरोबरी ९.४ महिन्यांवर. ग्राहकाने वरचा प्लॅन घेतला तर वाढीव रकमेवर वाटा मिळतो का? कार्यक्रम बंद झाला तर जुन्या ग्राहकांचं काय? ‘आयुष्यभर’ म्हणजे बहुधा कार्यक्रमाच्या आयुष्यभर. काही करारांत दर तिमाहीला ठरावीक नवे ग्राहक आणले नाहीत तर जुना वाटाही थांबतो. अशी अट दिसली की वाटा सोडून एकरकमी मागा.

एकरकमीतही खोडा असतो: ग्राहकाने ३० दिवसांत पैसे परत घेतले तर तुमची रक्कम कापतात, म्हणून पेआउट, म्हणजे तुम्हाला द्यायची रक्कम, ४५ ते ६० दिवस रोखून ठेवतात. किमान पेआउट ५,००० असेल आणि तुम्ही महिन्याला एकच ग्राहक आणत असाल तर पैसे नुसते डॅशबोर्डवर दिसत राहतील.

दोन्ही हवं असेल तर मागून बघा. महिन्याला दहा-बारा पक्के ग्राहक देणाऱ्याला ‘५०० रोख आणि १० टक्के वाटा’ असा मधला करार मिळू शकतो. तो जाहीर नसतो.

शेअर ब्रोकरसाठी डीमॅट खाती उघडून देण्याचं प्रकरण वेगळं आहे. ब्रोकरेजमधला वाटा घ्यायचा तर शेअर बाजाराकडे (एक्सचेंजकडे) अधिकृत व्यक्ती म्हणून नोंदणी लागते. पैसे लावून खेळायच्या रमी-फॅन्टसी अॅप्सच्या नादी तर लागूच नका. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने त्यांच्या जाहिरातीवरच बंदी आहे.

कराराचं पान साठवून ठेवा, तारखेसह. भारतीय कंपनीकडून वर्षाला २०,००० रुपयांच्या वर कमिशन आलं की २ टक्के टीडीएस कापला जातो, पॅन दिला नसेल तर २० टक्के. दरमहा वाट्याचे छोटे छोटे हप्ते वर्षभरात ही मर्यादा कधी ओलांडतात ते लक्षातही येत नाही, म्हणून पॅन पहिल्याच दिवशी भरून टाका.