पोरगं सारखं खोकतंय म्हणून त्याचं ताट कमी करू नका

दिवाळी झाली, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की आमच्या पिल्लूची छाती घुरघुरायला सुरुवात, ती थेट होळीपर्यंत. आता तो चार वर्षांचा आहे, मागचा हिवाळा बराच बरा गेला, म्हणून जे उपयोगी पडलं ते लिहितेय, कारण आमच्या नाशकात इंदिरानगर काय नि पंचवटी काय, सगळ्या आया हेच विचारतात की खायला काय बंद करू.

तर आधी बंद करायची घाई करू नका. आमच्याकडे पहिलं केळं गेलं, मग दही, मग भात, मग सासूबाई म्हणाल्या दुधाने कफ होतो म्हणून दूधही, आणि द्राक्षांचं तर नावच नको. राहिलं काय, चहात बुडवलेलं बिस्किट. अडीच वर्षांचा असताना चार महिन्यांत वजन जराही वाढलं नाही आणि खोकला होता तिथेच. डॉक्टरांनी वजनाच्या कार्डावरची सपाट रेघ बोटाने दाखवली, मला तिथेच रडू फुटलं. दुधाने कफ वाढत नाही, प्यायल्यावर घशात जरा चिकट वाटतं एवढंच. केळ्या-दह्याने सर्दी होत नाही, ती व्हायरसने होते आणि या वयात वर्षातून सहा-आठ वेळा होतेच, प्लेग्रुपला घातलं की अजून जास्त. एखादी गोष्ट खाल्ली की अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, असं असेल तर मात्र ती थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आजारपणात थोडं थोडं पण सारखं द्या. मऊ मुगाची खिचडी वर तूप, वरण-भात लिंबू पिळून (लिंबाने डाळीतलं, पालेभाजीतलं लोह अंगी लागतं), उकडलेलं अंडं, नागलीची (नाचणीची) लापशी, पेठ-सुरगाण्याची नागली आपल्याकडे मिळतेच. खोकला गेल्यावर पुढचे दोन आठवडे रोज एक खाणं जादा, झालेली झीज तेव्हा भरून निघते. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आतच, कारण पोट दुधाने भरलं की जेवण जात नाही आणि रक्त कमी होतं. चहा अजिबात नको. वर्ष पूर्ण झालं असेल तर झोपताना अर्धा चमचा मध देता येतो, वर्षाच्या आत मध कधीच नाही, चाटवायलासुद्धा नाही.

आणि द्राक्षं. खायला द्या, पण पाच वर्षांपर्यंत अख्खं द्राक्ष तोंडात देऊ नका, उभे चार तुकडे करा, शेंगदाणे कुटून द्या. सर्दी नसताना खाता-खेळता एकदम ठसका लागून खोकला सुरू झाला तर काहीतरी श्वासनळीत गेलेलं असू शकतं, खोकला थांबला तरी हॉस्पिटलमध्ये दाखवून या.

बंद करायचाच असेल तर धूर बंद करा, हे मी अगदी कळकळीने सांगते. मी महिनाभर वहीत रोज लिहायचे, काय खाल्लं, रात्री किती वेळा खोकला, घरात काय जाळलं. ज्या रात्री पलंगाखाली मच्छरची कॉइल, त्या रात्री दोन वाजता उठून बसलेला. जेवणाचा काही मेळच बसला नाही. कॉइल गेली, मच्छरदाणी आली. ओव्याची धुरी, अगरबत्ती, शेकोटी, बाल्कनीतली सिगारेट, सगळं त्यातच आलं, सिगारेटचा धूर तर कपड्यांबरोबर घरात येतो. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांची धूळ आपल्या हातात नाही, पण झाडूने ती उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणं आपल्या हातात आहे. नाकात तेल सोडू नका, ते फुफ्फुसात उतरू शकतं, नाकात घालायचे सलाइनचे (मिठाच्या पाण्याचे) थेंब पुरतात.

औषधाचं थोडक्यात. कफ सिरप मनाने आणायचं नाही, २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानेच सांगितलंय, दोन वर्षांच्या आत नकोच आणि पाचच्या आत शक्यतो नको. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिकही नको. डॉक्टरांनी पंप (श्वासावाटे औषध घ्यायचा इनहेलर) दिला तर घाबरू नका, सवय लागत नाही, औषध थेट छातीत जातं म्हणून अगदी कमी लागतं, फक्त स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आणि मास्क लावूनच द्या, नंतर चूळ भरायला लावा किंवा पाणी पाजा, आणि बरं वाटलं म्हणून रोजचा पंप स्वतःहून थांबवू नका. न्यूमोनियाची पीसीव्ही लस सरकारी दवाखान्यात फुकट असते, फ्लूची दरवर्षी घ्यावी लागते, तिचं डॉक्टरांना विचारा. छाती सारखीच भरत असेल आणि वजनही वाढत नसेल, किंवा खोकला महिनाभर हटत नसेल, तर तपासण्या करून घ्या, घरात कुणाला टीबी असेल तर तेही सांगा.

एक गोष्ट मात्र आजच शिकून घ्या, श्वास मोजायला. मूल शांत किंवा झोपलेलं असताना शर्ट वर करायचा, मोबाइलचं घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त आले, तर त्याच दिवशी डॉक्टर. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ निळसर दिसतायत, पाणीसुद्धा पीत नाही, हाक मारली तरी मरगळून पडलंय, यातलं एक जरी दिसलं तरी रात्रीचे दोन वाजलेले असोत, सकाळची वाट न बघता निघा.