शफलबॉटम हे आडनाव आलं कुठून? दुर्मिळ इंग्रजी आडनावाचं मूळ असं शोधा

शफलबॉटम ऐकलं की पत्ते पिसणारं बूड डोळ्यासमोर येतं, इंग्रज पण हसतात. पण त्याचा पिसण्याशी काही संबंध नाही आणि बुडाशी तर नाहीच. म्हणून पहिलं काम, आजच्या स्पेलिंगवरून अर्थ काढायचा नाही.

आधी आडनाव मोठ्याने म्हणा आणि कसंकसं लिहिता येईल ते सगळं कागदावर उतरवा. शफलबॉथम, शिपरबॉटम, शूबॉटम, सगळं. लिहिता न येणारा माणूस नाव सांगायचा आणि चर्चमधला कारकून कानाला आलं तसं लिहायचा, त्यामुळे एकाच घरात दोन स्पेलिंगं निघाली तरी दचकू नका.

मग १८८१ च्या जनगणनेत हे लोक कुठे जास्त होते ते बघा, नकाशे ऑनलाइन मिळतात. दुर्मिळ आडनावाचा हाच फायदा, ते एका कोपऱ्यात दाटलेलं असतं. स्मिथचं काय करणार! शफलबॉटम दाटलेत वायव्य इंग्लंडात, लँकशायर-चेशायरकडे.

आता एकेक पिढी मागे जा. फ्रीबीएमडी साइटवर जन्म-लग्न-मृत्यूची यादी फुकट आहे, पण सरकारी नोंदणीच १ जुलै १८३७ ला सुरू झाली, त्याआधीचं तिथे मिळणार नाही. जनगणनेत १८४१ ची नोंद फक्त याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जन्मला का एवढंच सांगते, जन्माचा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतला गावभाग, हवा असेल तर १८५१ ची उघडा.

त्याच्याही मागे पॅरिशची रजिस्टरं, १५३८ पासूनची, अर्थात सगळीकडची टिकलेली नाहीत. इथे हमखास घोळ होतो तो तारखांचा. १७५२ च्या आधी तिकडे वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणजे रजिस्टरात डिसेंबर १६९९ नंतर येणारा फेब्रुवारीसुद्धा १६९९ चाच, आपल्या हिशोबाने तो १७००. हे माहीत नसलं की पोराचा बाप्तिस्मा आईबापाच्या लग्नाआधी होऊन बसतो आणि तुम्ही उगाच भलत्या शंका घेत बसता.

शेवटी त्या भागाचा जुना नकाशा काढून आडनावासारखं गाव, ओढा, शेत दिसतंय का बघा. लँकशायरमध्ये बरी नावाच्या शहराजवळ शिपरबॉटम नावाची जागा सापडते. जुन्या इंग्रजीत बॉटम म्हणजे दरीचा तळ, पुढचा भाग मेंढ्या आणि झऱ्याचा, म्हणजे मेंढ्यांच्या झऱ्याची दरी. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘-कर’ लावून आडनाव करतात तसलाच प्रकार, फक्त ‘-कर’ नाही.

आणि हो, आडनावाचं राजचिन्ह म्हणून फ्रेम विकणारे भेटतील, पैसे घालवू नका, इंग्लंडमध्ये ते चिन्ह एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही.